एका तपासणीचे किती खाडे?

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

  

आज मी एक कोडं घेऊन आलेय, आणि ते आकड्यांचं आहे. घाबरू नका, फक्त तीन आकडे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी झाली २०१९ ते २१ या काळात. त्यात आपल्या महाराष्ट्राचं चित्र काय दिसलं? शंभरातली जवळपास ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात. छान! पण गरोदरपणात किमान चार तपासण्या झालेल्या बायका किती? साधारण ७०. आणि लोहाच्या गोळ्या शंभर दिवस तरी घेतलेल्या? निम्म्याहूनही थोड्या कमी.

आता कोडं बघा. ज्या बाईला दवाखान्याचा रस्ता माहीत आहे, जी कळा सुरू झाल्यावर बरोबर तिथेच पोचते, ती मधल्या सात-आठ महिन्यांत तिथे का जात नाही? तिला दवाखान्याची भीती असती तर बाळंतपणालाही ती गेली नसती. मग अडतं कुठे?

यावर एक उत्तर नेहमी तयार असतं. कुठल्याही सभेत विचारा, कुणीतरी माइक हातात घेऊन म्हणणारच, "जनजागृती झाली पाहिजे!" म्हणजे बायांना माहिती नाही, त्यांना माहिती दिली की झालं. पोस्टर लावा, पथनाट्य करा, रॅली काढा.

मी शहरातल्या वस्त्यांमध्ये आरोग्य सेविकांबरोबर बऱ्याचदा फिरते. तिथे मला अजून एकही गरोदर बाई भेटलेली नाही जिने विचारलं असेल, "तपासणी कशाला करायची असते?" त्यांना माहीत असतं. त्या म्हणतात, "ताई, कळतंय हो सगळं. पण जायचं कधी?"

आजच्या भागात मला एवढंच सांगायचंय. प्रश्न बाईच्या डोक्यातल्या माहितीचा कमी आणि तिच्या दिवसाचा जास्त आहे. आपण बाईला सुधारायला निघतो. सुधारायला हवी ती दवाखान्याची फेरी.

चला, ती फेरी मोजूया. समजा एक ताई आहे. तीन घरची धुणीभांडी करते. पाचवा महिना चालू आहे. पहिलं मूल चार वर्षांचं. वस्तीत सकाळी पाणी येतं, ते भरून ती कामाला निघते. दवाखान्याची गरोदर बायकांची ओपीडी कधी? सकाळी. म्हणजे बरोबर तिच्या कामाच्या वेळेला.

पहिला दिवस. केसपेपरची रांग, मग वजनाची रांग, मग डॉक्टरांची. डॉक्टर दोन मिनिटं बघतात आणि लिहून देतात, रक्त तपासा, लघवी तपासा, सोनोग्राफी करा. तोपर्यंत रक्त घेण्याची वेळ संपलेली असते. "उद्या या." दुसरा दिवस रक्त द्यायला. तिसरा दिवस रिपोर्ट घ्यायला. सोनोग्राफीची तारीख तीन आठवड्यांनंतरची, तो चौथा दिवस. आणि ते सगळे कागद डॉक्टरांना दाखवायचे, तो पाचवा.

कागदावर ही एक तपासणी. तिच्या हिशोबात हे पाच खाडे!

खाडा हा शब्द तुम्ही घरी ऐकला असेल. "बाईने आज खाडा केला." आपल्यासाठी ती एक छोटीशी कटकट असते. तिच्यासाठी तो कापलेला पगार असतो, आणि कधी कधी सुटलेलं काम. कारण तिसऱ्या खाड्याला एखाद्या घरून निरोप येतो, "आम्ही दुसरी बघितलीये." आता यात रिक्षाचं भाडं मिळवा. चार वर्षांच्या पोराला कुणाकडे ठेवायचं, हा प्रश्न मिळवा. आणि एवढं करून हातात काय आलं? "सगळं नॉर्मल आहे. गोळ्या खा." तिला वाटणारच ना, की यासाठी पाच दिवस घालवले?

सेवा फुकट आहे, हे खरंय. पण फुकट सेवेची फेरी फुकट नसते.

बरं, मग नाही झाल्या दोन तपासण्या, तर काय बिघडलं? आपल्या आज्यांनी कुठे केल्या होत्या? हा प्रश्न घराघरांत येतो, म्हणून त्याचं सरळ उत्तर देते.

गरोदरपणात रक्तदाब वाढतो तेव्हा बऱ्याच वेळा बाईला काहीच जाणवत नाही. ना दुखणं, ना खुपणं. पायावर जरा सूज येते, तर सगळे म्हणतात पोटुशी बाई आहे, सूज येणारच. तो वाढलेला रक्तदाब फक्त दंडावर पट्टा बांधल्यावरच दिसतो. पट्टा बांधला नाही तर तो पुढे कधीतरी थेट झटक्यांच्या रूपात दिसतो, आणि तेव्हा आई आणि बाळ दोघांचाही जीव टांगणीला लागतो. वेळेत कळलं तर गोळ्या आहेत, झटक्यांवर इंजेक्शन आहे, बाळंतपण कुठल्या मोठ्या रुग्णालयात करायचं हे आधी ठरवता येतं.

दुसरी गोष्ट रक्ताची. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या जवळपास ४६ टक्के गरोदर बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात, आणि ७ च्या खाली गेलं की तो तीव्र. बाळंतपणात रक्तस्राव कुणालाही होऊ शकतो. पण ११ हिमोग्लोबिन असलेली बाई जेवढा रक्तस्राव सोसते, तेवढाच ७ वाल्या बाईच्या जिवावर बेततो. आणि ७ चं ११ करायला कळा सुरू झाल्यावर वेळ नसतो. त्याला महिने लागतात. गोळ्यांनी भागत नसेल तर शिरेतून लोह देता येतं, पण त्यासाठीही चौथ्या-पाचव्या-सहाव्या महिन्यात कुणीतरी बघायला हवं.

म्हणजे ज्या मधल्या तपासण्या गळतात, त्यांच्यातच ही दोन दुखणी पकडली जातात. डिलिव्हरीला दवाखान्यात पोचणं म्हणजे परीक्षेला हॉलमध्ये पोचणं झालं. अभ्यासाचे महिने त्याआधीचे असतात.

आता परत जनजागृतीकडे येऊ. मी ती वाईट आहे असं म्हणत नाहीये. ती कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे आपल्याच देशात तपासून झालंय, आणि ते फार रंजक आहे.

झारखंड आणि ओडिशाच्या आदिवासी गावांमध्ये एकजुट नावाच्या संस्थेने बायकांचे गट केले. महिन्याला बैठक, गोष्टी, खेळ, आपल्याच अडचणींवर चर्चा. याचा अभ्यास २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. गट असलेल्या भागात नवजात बाळांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. मोठं यश!

तसाच प्रयोग मुंबईत झाला. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या 'स्नेहा' संस्थेने ४८ वस्त्या निवडल्या आणि त्यातल्या निम्म्या वस्त्यांमध्ये बायकांचे गट चालवले. तीन वर्षं मन लावून काम केलं. निकाल २०१२ मध्ये छापून आला. तपासण्यांमध्ये, दवाखान्यातल्या बाळंतपणात, म्हणावा असा फरक पडलाच नाही. आणि त्यांनी तो निकाल लपवला नाही, जगापुढे ठेवला. याबद्दल मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

एकच उपाय, एकीकडे चालला, दुसरीकडे नाही. असं का? मला याचा अर्थ असा लागतो. त्या गावांमध्ये बरीच बाळंतपणं घरी होत होती. हात धुणं, नाळ स्वच्छ पात्याने कापणं, बाळाला उबदार ठेवणं, हे बायकांच्या स्वतःच्या हातात होतं. बोलणं झालं, ठरलं, बदललं. मुंबईत बायका आधीच दवाखान्यात जात होत्या. त्यांच्या अडचणी रांगेच्या होत्या, वेळेच्या होत्या, पुढे पाठवण्याच्या होत्या. त्या गटात बसून सुटणार कशा? जी गोष्ट बाईच्या हातातच नाही, ती तिला कितीही समजावली तरी बदलत नाही.

हे ज्ञान तसं जुनंच आहे. १९९४ मध्ये सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासकांनी मातामृत्यूमागचे तीन उशीर सांगितले होते. पहिला उशीर, दवाखान्यात जायचं हे ठरवण्यात. दुसरा, तिथे पोचण्यात. तिसरा, पोचल्यावर उपचार मिळण्यात. सगळ्या आरोग्य कार्यक्रमांमध्ये हे शिकवतात.

पण त्यांच्या मांडणीतली एक गोष्ट आपण विसरतो. हे तीन उशीर एका रांगेत उभे नाहीत. तिसरा उशीर फिरून पहिल्याला येऊन मिळतो. वस्तीतली एखादी बाई दवाखान्यात गेली, तिथे तिला कुणी खेकसलं, "एवढे दिवस काय झोपली होतीस का?", बेड नाही म्हणून रात्री दुसरीकडे पाठवलं, तिथून तिसरीकडे. ती घरी येऊन हे सांगते. कुठे? नळावर, शौचालयाच्या रांगेत, शाळेच्या गेटवर. त्या गल्लीतल्या पुढच्या पाच गरोदर बायकांचा निर्णय तिथेच होतो. तुमचं पोस्टर नळावरच्या त्या गप्पांपुढे टिकत नाही, मंडळी.

एका वस्तीत एक ताई मला म्हणाल्या होत्या, "कळा सहन होतात, बोलणी सहन होत नाहीत." म्हणून नीट वागवणं हा औषधोपचाराचाच भाग आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात प्रसूतिकक्षाच्या दर्जाबरोबर सन्मानाने वागवणंही धरलेलं आहे. प्रसूतीच्या वेळी बाईबरोबर तिच्या ओळखीची एक बाई असू द्यावी, असंही केंद्राने २०१६ मध्येच कळवलेलं आहे. आई, सासू, बहीण, कुणीही. याला काही कोटींची मशीन लागत नाही. तरी अनेक ठिकाणी नातेवाईक अजून दाराबाहेरच उभे असतात.

आता पैशांचं बोलू. कारण तुमच्यातल्या अनेकांना वाटत असेल, सरकार तर पैसे देतं ना?

देतं. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० रुपये मिळतात. गरोदरपणाची नोंद आणि तपासणी झाली की ३००० रुपये, आणि बाळाची जन्मनोंद व पहिल्या टप्प्याचं लसीकरण झालं की २०००. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर ६०००. शिवाय जननी सुरक्षा योजना आहे, तिची रक्कम आपल्या राज्यात छोटी आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, घरून नेणं आणि परत सोडणं मोफत, हा हक्क २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने दिलाय.

आता एक छोटा हिशोब करा. तुमच्या ऑफिसमध्ये नोंदणीकृत नोकरी करणाऱ्या मैत्रिणीला २०१७ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. मिळायलाच हवी! २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. आता ५००० रुपयांना १८२ ने भागा. किती आले? दिवसाला साधारण २७ रुपये. तुमच्या मैत्रिणीच्या घरी भांडी घासणाऱ्या ताईची ही बाळंतपणाची रजा आहे. २७ रुपये रोज. आणि तेही आधार, बँक खातं आणि मोबाइल नंबर एकमेकांना जुळले तर! स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं की पुन्हा फेरी, म्हणजे पुन्हा खाडा.

आणि तिसरं बाळंतपण असेल तर? मातृवंदनेत काहीच नाही. लोक म्हणतात, तिसरं कशाला हवं? ठीक आहे, चर्चा करू. पण पोटात बाळ आलेल्या बाईचं रक्त तिसऱ्या खेपेला आपोआप वाढत नाही, उलट कमीच झालेलं असतं.

आता एक अडचण खास आपली. माहेर!

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या महिन्यात ओटी भरायची, डोहाळजेवण करायचं आणि लेक माहेरी जायची. रीत गोड आहे, मी तिच्या विरोधात नाही. बाईला विश्रांती मिळते, आईच्या हातचं मिळतं. पण नोंदणी झालेली असते सासरच्या दवाखान्यात. तिथली आशाताई तिला ओळखते. रक्ताचे रिपोर्ट तिथे. माहेरच्या आशाताईला ही बाई आलीये हेच माहीत नसतं. आणि नेमका हा काळ, सातवा ते नववा महिना, रक्तदाबावर नजर ठेवण्याचा. लेक गेली, फाइल राहिली.

याचंच कठीण रूप म्हणजे ऊसतोड. बीड आणि मराठवाड्यातल्या इतर जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास जोडपी निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, ती साधारण मार्च-एप्रिलला परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली असते. त्यामुळे एक दिवस काम बुडलं तर मुकादम दंड कापतो. त्या दंडाचं नाव माहितेय? खाडा! तोच शब्द. आता त्या फडातली सहा महिन्यांची गरोदर बाई आजारी नसताना, फक्त रक्तदाब मोजायला, खाडा भरून दवाखान्यात जाईल का? तुम्ही गेला असता का?

म्हणून म्हणते, हा अडाणीपणा मुळीच नाही. हा हिशोब आहे, आणि तिच्या जागी बसून केला तर बरोबर येणारा हिशोब आहे. आपल्याला तिचं उत्तर बदलायचं असेल तर गणितातले आकडे बदलावे लागतील.

मग काय केलं की आकडे बदलतात? काही गोष्टी आपल्याकडेच करून बघितलेल्या आहेत.

एक, वेळ. मुंबईत २०२२ मध्ये 'आपला दवाखाना' सुरू झाले तेव्हा त्यांची वेळ ठेवली सकाळी ७ ते दुपारी २ आणि दुपारी ३ ते रात्री १०. म्हणजे दवाखाना संध्याकाळी उघडा ठेवता येतो, हे सिद्ध झालं. मग गरोदर बायकांची तपासणी आठवड्यातून एक-दोनदा संध्याकाळी का होऊ नये? कामं आटपून, नवऱ्याला सोबत घेऊन येतील बायका.

दोन, एकाच फेरीत सगळं. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस असतो, २०१६ पासून. त्या दिवशी सरकारी केंद्रांवर तज्ज्ञ डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. जोखमीची बाई असेल तर तिच्या कार्डावर लाल स्टिकर लावतात, म्हणजे पुढच्या दवाखान्यालाही कार्ड बघताच कळतं. कल्पना फार चांगली आहे. पण ठरावीकच दिवस म्हटल्यावर गर्दीही तशीच. रक्त, लघवी, सोनोग्राफी आणि सल्ला एकाच दिवशी, एकाच इमारतीत झालं, तर पाच खाड्यांचा एक खाडा होतो. हे जिथे जमतं तिथे बायका परत येतात.

तीन, बुडालेली मजुरी. आपल्या आदिवासी भागात नवसंजीवनी योजनेखाली आजारी बाळाबरोबर दवाखान्यात राहणाऱ्या पालकाला 'बुडीत मजुरी' मिळते. काय नेमका शब्द आहे बघा! सरकारने एकदा तरी मान्य केलंय की दवाखान्यात बसलेल्या माणसाची मजुरी बुडते. तसंच माहेरघर. दुर्गम गावातल्या बाईने प्रसूतीच्या काही दिवस आधीच आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचं, तिथे खोली, तिथेच जेवण. म्हणजे भर पावसात, नाल्याला पाणी असताना तिला खाटेवर उचलून आणायची वेळ येऊ नये. हाच विचार शहरातल्या वस्तीत आणि उसाच्या फडावर का आणू नये?

चार, सोबत. वस्तीत ज्या बाईबरोबर आशाताई किंवा आरोग्य सेविका स्वतः जाते, तिचं काम लवकर होतं. कुठली खिडकी, कुठला मजला, कुणाला विचारायचं हे तिला ठाऊक असतं. पण आशाताईच्या मानधनाचा काही भाग कामागणिक मिळतो, आणि रजिस्टरं, सर्वेक्षणं, मोहिमा, सगळं तिच्याच डोक्यावर. ती सोबत जायला मोकळी हवी असेल तर तिच्याही दिवसाचा हिशोब करावा लागेल.

आणि पाच, फोन. तुमचा-माझा लाडका विषय! 'आरमान' ही डॉ. अपर्णा हेगडे यांची मुंबईतली संस्था. त्यांची 'एममित्र' सेवा गरोदर बाईला तिच्या भाषेत, तिने निवडलेल्या वेळेला, कितवा महिना आहे त्यानुसार आवाजी निरोप पाठवते. सरकारची 'किलकारी' सेवाही तशीच. साध्या फोनवर चालते, वाचता यायची गरज नाही. मध्य प्रदेशात किलकारीची मोठी चाचणी झाली, तेव्हा गर्भनिरोधक साधनांच्या वापरात थोडा फरक दिसला, पण बाळाला फक्त आईचंच दूध देण्याच्या बाबतीत दिसला नाही. म्हणजे फोन मदत करतो, सगळं करत नाही.

शिवाय फोन कुणाचा? पाचव्या फेरीच्या सर्वेक्षणात देशातल्या फक्त ५४ टक्के बायकांनी सांगितलं की स्वतः वापरतो असा मोबाइल आमच्याकडे आहे. बाकीच्यांच्या घरी फोन असेल, पण तो नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा कामावर! 'आरमान'ने यावर एक हुशारी केली. कोण निरोप ऐकणं थांबवण्याची शक्यता आहे, हे कृत्रिम बुद्धिमत्तेने ओळखायचं आणि तिला खऱ्या माणसाने फोन करायचा. मला यातला दुसरा भाग जास्त आवडतो. मशीनने शोधलं, पण बोललं माणूसच.

आता तुम्ही म्हणाल, हे सरकारचं, संस्थांचं झालं. मी पंचवीस वर्षांचा, एका खोलीत चार मित्रांबरोबर राहणारा, मी काय करू? सांगते.

तुमच्या घरी, मेसमध्ये, ऑफिसात काम करणारी ताई गरोदर असेल तर तपासणीचा दिवस पगारी सुट्टीचा करा. आणि ते तिने मागायच्या आधी, स्वतःहून सांगा. "ताई, दवाखान्याच्या दिवशी यायचं नाही, पैसे कापणार नाही." सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्या घरांनी मिळून हे ठरवलं तर तिच्या तीनही घरचे खाडे वाचतात. यापेक्षा स्वस्त आरोग्य योजना मला माहीत नाही.

बहीण, वहिनी, मैत्रीण गरोदर असेल तर माता-बाल कार्डाच्या सगळ्या पानांचे फोटो काढून तिच्या, नवऱ्याच्या आणि आईच्या फोनमध्ये ठेवा. माहेरी जाताना मूळ कार्ड बरोबर, आणि पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात तिथल्या आशाताईकडे नोंद. डोहाळजेवणाच्या फोटोंबरोबर हेही फोटो असू द्या.

मुलग्यांनो, तुम्ही बाप होणार असाल तर एका तरी तपासणीला जा. आत सोडलं नाही तर बाहेर रांगेत उभे राहा. मोठ्या मुलाला सांभाळा. ती रांग किती लांब असते हे पायांना कळू दे.

१०८ आणि १०२ हे दोन नंबर फोनमध्ये ठेवा. १०८ तातडीच्या रुग्णवाहिकेसाठी, १०२ गरोदर माता आणि बाळांसाठी. आणि ही लक्षणं लक्षात ठेवा. अंगावरून रक्त जाणं, खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा धूसर दिसणं, चेहऱ्यावर-हातांवर सूज, झटके, खूप ताप, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, सासऱ्यांना विचारायचं म्हणून थांबायचं नाही. निघायचं.

शेवटचं सांगते. महाराष्ट्राचं मातामृत्यूचं प्रमाण २०१८ ते २० या काळात लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं. देशाचं तेव्हा ९७ होतं आणि केरळचं १९. म्हणजे आपण बरंच अंतर कापलंय, आणि ते आशाताई, परिचारिका, डॉक्टर आणि बायकांच्या स्वतःच्या कष्टांनी कापलंय. पण ३३ वरून खाली जायचं तर आता पोस्टरने भागणार नाही. उरलेल्या बायका त्याच आहेत ज्यांना एक खाडा परवडत नाही. ज्या दिवशी दवाखाना त्यांच्या दिवसाप्रमाणे चालायला लागेल, त्या दिवशी त्यांना बोलवायला रॅली काढावी लागणार नाही.

तुमच्या घरात, गल्लीत, गावात तपासणीला किती फेऱ्या माराव्या लागतात? मोजून मला कळवा. आवाजी निरोप पाठवलात तरी चालेल, पुढच्या भागात त्यातले काही ऐकवीन. आणि हा भाग एकाच व्यक्तीला पाठवायचा असेल, तर ज्यांच्या घरी कामाला ताई येते त्यांना पाठवा.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!